टीव्हीवाल्या साहेबांचा सत्कार

त्या काळी सोलापुरात टीव्ही दिसत नव्हता. मुंबईत आहे, पुण्यातही लागलाय, असं आम्ही नुसतं ऐकून होतो. पण आमच्या कापड गिरणीचे लेबर ऑफिसर टीव्हीवर दिसून आले होते, आणि एवढ्यावर सगळं गाव खूश होतं. कुणाच्या तरी पुण्याच्या मेहुणीनं त्यांना पडद्यावर पाहिलं होतं म्हणे. ती मेहुणी कुणाची, हे शेवटपर्यंत कळलं नाही. जो तो आपलीच सांगायचा.

साहेब एकपात्री करायचे. विषय एकच, ऑफिसातल्या बायका. त्यात एक टायपिस्ट होती, दर ओळीला आरसा बघणारी. एक टेलिफोन ऑपरेटर होती, तेलुगू वळणाचं मराठी बोलणारी. मान वेळावून, छाती पुढं काढून साहेब म्हणायचे, "नंबर सांगा की वो!" आणि लोक गडाबडा लोळायचे.

गिरणीची टायपिस्ट मी होते, आणि ऑपरेटर माझ्या शेजारच्या खोलीत बसायची.

ऑफिसात आम्ही दोघीच बायका. मी होटगीची. वडील रेल्वेत गँगमन, आणि मी रोज सकाळच्या गाडीनं सोलापूरला यायचे. ती पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली. वडील वारलेले, आई विड्या वळायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, मला अक्का म्हणायची. मॅट्रिकला चांगले मार्क होते तिला. मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी चारही भाषा बोलायची, म्हणून तर गिरणीनं तिला टेलिफोनच्या बोर्डावर घेतलं होतं. रायचूरचा व्यापारी असो की हैदराबादचा, ती त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायची. स्टेजवर मात्र तिच्या चार भाषांमधलं काही नसायचं, नुसता तिचा हेल आणि तिची छाती.

एकदा डबा खाताना ती म्हणाली, "अक्का, साहेब मला आतून फोन करतेत."

"कामाचा असेल."

"काम नसतंय वो. पोलकं कुठल्या रंगाचं घातलीस विचारतेत. झोप लागंना तुझ्या आवाजानं, म्हणतेत. मी बोर्ड सोडून कुठं जाऊ? त्यांचा दिवा लागला की उचलावंच लागतंय."

मला नवल वाटलं नाही. मजकूर सांगताना साहेब माझ्या खुर्चीच्या पाठीवर रेलायचे आणि एकेक शब्द कानाशी आणून सोडायचे. मी खुर्ची सरकवली की म्हणायचे, "घाबरता काय, आम्ही कलावंत माणसं." खुर्ची सरकवायला मला जागा तरी होती. तिच्या तर कानालाच तो माणूस बांधलेला होता. बरं, तक्रार न्यायची कुणाकडं? गिरणीतल्या माणसांच्या तक्रारी ऐकायला नेमलेला साहेब हाच.

आषाढात गिरणीनं सत्कार ठरवला. कँटीनच्या हॉलमध्ये पताका लागल्या, पेढे आले. आदल्या दिवशी मॅनेजरनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. तिथं कॅशियर, हेडक्लार्क, युनियनचे पुढारी आणि स्वतः साहेबही बसले होते.

"उद्या तुम्ही दोघींनी साहेबांना ओवाळायचं," मॅनेजर म्हणाले. "जरीची साडी वगैरे नेसून या."

ती म्हणाली, "मी ओवाळणार नाही, सर."

"का? अडचण आहे का?" हेडक्लार्कनं विचारलं, आणि दोघे-तिघे गालात हसले. तो काय विचारत होता ते कळायला आम्हाला वेळ लागला नाही.

तिचा चेहरा लाल झाला, पण आवाज हलला नाही. बोर्डावर बोलायची तशी एकेक शब्द स्वच्छ बोलली. "हे साहेब मला रोज फोनवर घाण बोलतेत. पदर नीट घे, इथून दिसतंय म्हणतेत. मी नको म्हटलं तर माझ्यावर खोटा मेमो काढायची धमकी देतेत. अशा माणसाला मी ओवाळणार नाही."

साहेब मोठ्यानं हसले. "अहो, ही तर माझ्यावरच एकपात्री करायला लागली!"

सगळे हसले. अगदी सुटल्यासारखे हसले. मॅनेजरसुद्धा. समोर वीस-बावीस वर्षांची पोरगी उभी आहे, आपल्याशी काय होतंय ते तोंडानं सांगतेय, आणि हे बायकापोरंवाले लोक पोट धरून हसतायत.

मी म्हणाले, "ती खरं बोलतेय. माझ्याशीही साहेब असंच वागतात. मीही ओवाळणार नाही."

तेव्हा कुठं हसणं थांबलं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. तोवर त्यांच्या तोंडावरचं हसू मी कधी पुसलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

सत्कार झालाच. मॅनेजरच्या बायकोनं ओवाळलं. आणि त्याच संध्याकाळपासून गोष्ट गावात फिरायला लागली. गिरणीच्या फाटकातून ती चहाच्या हॉटेलात गेली, तिथून वाचनालयात, तिथून घराघरांत. जाता जाता तिला इतके हातपाय फुटले की मलाच ओळखू येईना. कुणी म्हणे, ऑपरेटरला बढती हवी होती. कुणी म्हणे, साहेबांनी तिला मुंबईला नेलं नाही, म्हणून ती चिडली. वाण्याच्या दुकानात माझ्यादेखत एकजण दुसऱ्याला सांगत होता, "टीव्हीवरचा माणूस तो. मुंबईच्या नट्या सोडून विडीवालीच्या पोरीत काय बघणार?"

मी मागं वळून म्हणाले, "तुम्ही पाहिलाय का टीव्ही?"

"पाहायला कशाला पाहिजे? सरकारचा असतो तो. पारखून घेतात माणसं."

गाडीत बायकांच्या डब्यात तर त्याहून वाईट. आमच्या रोजच्या डब्यात एक शिक्षिका असायच्या, शिकलेल्या, खादी नेसणाऱ्या. त्यांच्याकडून मला थोडी आशा होती. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "आम्ही इतकी वर्षं पुरुषांत नोकरी करतोय. आमच्याशी कधी कुणी असं का बोललं नाही?"

"तुमचं नशीब, बाई," मी म्हणाले.

"नशीब कसलं? वागणूक असते आपली."

समोरच्या दोघी माना हलवून "व्हय की" म्हणाल्या. त्या दिवसापासून मी जागा बदलली. दाराजवळ उभी राहून यायचे. धूर तोंडावर यायचा, तो मला त्या बोलण्यापेक्षा बरा वाटायचा.

घरी आई रडली. "तुला कुणी इचारलं होतं का? तुला का मधी पडायचं होतं?" वडील जेवत होते. ते म्हणाले, "खरं हाय का त्ये?"

"व्हय."

"तुज्या बी अंगचटीला येत हुता?"

"खुर्चीला टेकून उभा राहायचा. कानात बोलायचा."

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवला. मग आईला म्हणाले, "हिला काय बोलू नगं." एवढंच. पण स्टेशनावरच्या ज्या चहावाल्याकडं ते वीस वर्षं चहा प्यायचे, तिथं जाणं त्यांनी सोडलं. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तिच्या घरी विचारपूस दुसऱ्या तऱ्हेनं झाली. तिची आई वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला गेली. विड्या तपासणारा माणूस चवड उचकटत सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "तुझ्या लेकीला आमी बी फोन करावं म्हणतो, नंबर काय?" आणि अर्ध्या विड्या खराब म्हणून बाजूला टाकल्या. आईनं घरी येऊन लेकीला मारलं, आणि मारून झाल्यावर तिला कुशीत घेऊन रडली. हे तिनंच मला सांगितलं. सांगताना हसायला बघत होती, पण जमत नव्हतं.

गावात बोभाटा झाला म्हणून गिरणीनं चौकशी लावली. मॅनेजर, कॅशियर आणि युनियनचे पुढारी, असे तिघं. आम्हाला वेगवेगळं आत बोलावलं. मला कॅशियरनं विचारलं, "साहेब खुर्चीला टेकायचे म्हणता. हात लावायचे का?"

"नाही."

"मग?"

"कानाशी येऊन बोलायचे. उठून जाऊ लागले तर वाट अडवायचे."

"मजकूर नीट ऐकू यावा म्हणून जवळ येत असतील."

युनियनचे पुढारी कामगारांच्या हक्कांवर फाटकावर अशी भाषणं करायचे की ऐकताना अंगावर काटा यायचा. ते मला म्हणाले, "ताई, कलावंत मनानं मोकळा असतो. आणि तो आपल्या गावाचं नाव मोठं करतोय. याचाही विचार करावा माणसानं."

तिला विचारलं, फोन खाली का ठेवला नाहीस? ती म्हणाली, ठेवला, तर कामात हलगर्जी म्हणून मेमो आला. मग विचारलं, आधी कधी हसली होतीस का त्यांच्या बोलण्यावर? ती म्हणाली, सुरुवातीला हसले होते, साहेब आहेत म्हणून. तेवढंच त्यांनी धरलं. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "अक्का, मी एकदा हसले होते, ते तेवढं खरं मानलं. बाकी सगळं खोटं."

निकाल असा लागला की गैरसमज झाला होता, आणि पुढं असे गैरसमज होऊ नयेत म्हणून बोर्डावर यापुढं पुरुष ऑपरेटर बसेल. तिला वेस्टच्या, म्हणजे टाकाऊ सुताच्या गोदामात टाकलं, गाठोडी मोजायला. चार भाषा बोलणारी पोरगी दिवसभर तोंडाला फडकं बांधून कापसाच्या धुरळ्यात बसू लागली. आणि लोक काय म्हणाले? "बघा, हिच्या नादानं एका बाईची खुर्ची गेली." जणू ती खुर्ची दुसऱ्याच कुणाची होती.

त्या वर्षीच्या गणपतीत साहेबांना जिकडून तिकडून बोलावणी. एका संध्याकाळी मी स्टेशनकडं चालले होते. एका मंडळाच्या मांडवासमोर गर्दी होती आणि कर्ण्यातून त्यांचा आवाज येत होता. तोच कार्यक्रम, तोच हेल. "नंबर सांगा की वो!" मग ते एकदम घाबरल्यासारखं करून म्हणाले, "नको बाई, नंबर नको! उद्या माझ्यावर कमिटी बसंल!"

अख्खा चौक हसला. पुढं सतरंजीवर बायका बसल्या होत्या, नटूनथटून, मांडीवर पोरं घेऊन. त्याही हसत होत्या. एक तर पदरानं डोळे पुसत होती. त्यांतली एक आमच्या हेडक्लार्कची बायको होती. तिची थोरली मुलगी त्याच वर्षी कॉलेजात जायला लागली होती, तीही शेजारी बसून हसत होती. मला खरोखर ओकारी आली. मी गटारीच्या कडेला वाकले, पण काही पडलं नाही. एक म्हातारे गृहस्थ थांबून म्हणाले, "पोरी, पाणी देऊ का?" मी नको म्हटलं आणि स्टेशनकडं निघाले. मागून हसण्याचा आवाज येतच होता.

साहेबांचा राग मला होताच. पण खरी किळस आली ती त्या चौकाची. साहेब एकच माणूस होता. त्याच्यापासून दूर सरकता येत होतं. पण त्या चौकातूनच मला रोज स्टेशनला जायचं होतं, त्याच लोकांच्या दुकानातून मीठमिरची घ्यायची होती, त्यांच्या घरच्या लग्नाला जायचं होतं.

गोदामात ती उन्हाळ्यापर्यंत टिकली. दुपारच्या सुट्टीत मी डबा घेऊन तिकडंच जायचे. हेडक्लार्क म्हणायचा, "बाई, केसांत कापूस घेऊन येता ऑफिसात." मी म्हणायचे, "येऊ दे." गोदामात ती सरकारी टेलिफोनच्या परीक्षेचा अभ्यास करायची. कोरा कागद नसला तर बोटानं धुरळ्यातच गणितं मांडायची. पास झाली. नेमणूक गुलबर्ग्याला आली.

तिला सोडायला मी स्टेशनावर गेले. आई बरोबर होती, एक ट्रंक, एक गाठोडं. आम्ही बाकावर बसून शेंगांची चटणी-भाकरी खाल्ली. ती म्हणाली, "अक्का, तुम्ही पण परीक्षा द्या की."

"माझं वय बसत नाही. आणि भावांची शाळा आहे."

"मग त्या माणसासमोर रोज बसणार?"

"बसणार. ती माझी नोकरी आहे, त्याची नाही."

तिची आई तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी अर्थ विचारला नाही. गाडी आली, त्या चढल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या टेबलापाशी आले. सगळे ऐकत होते. "गेली का मैत्रीण? नवा नंबर काय तिचा?"

मी टायपिंग थांबवलं. "साहेब," मी म्हणाले, "मला तुमची किळस येते. माझ्या टेबलाजवळ येत जाऊ नका. मजकूर शिपायाबरोबर पाठवा."

त्यांनी हसून आजूबाजूला पाहिलं, कुणी साथ देतंय का ते. हेडक्लार्क हसला. कॅशियर हसला. शेजारच्या खोलीतून तिच्या जागी आलेला ऑपरेटर ऐकत होता. तो खाली मान घालून बसला. साहेब थोडा वेळ तिथंच उभे राहिले, मग केबिनमध्ये गेले.

मजकूर शिपायाबरोबर यायला लागला. पुढं बरीच वर्षं तसाच येत राहिला. साहेब दोनदा-तीनदा पुन्हा मुंबईला जाऊन आले, दर वेळी हार, दर वेळी पेढे. पेढ्याचा बॉक्स माझ्या टेबलावर आला की मी न उघडता पुढच्या टेबलावर सरकवायचे. "बाईंचा राग अजून गेला नाही वाटतं," असं कुणीतरी म्हणायचं, आणि चार जण हसायचे.