गेमच्या खोक्यावर वाहिलेल्या अक्षता

मी माझ्या मुलीला घाबरतो. हे चारचौघांत कबूल करायला मला लाज वाटत नाही, कारण माझी बायको नंदाही तिला घाबरते आणि नंदाला आमच्या सोसायटीचे चेअरमन घाबरतात. (यावरून अंदाज करावा.)

गौरी आमची एकुलती एक. खराडीला एका कंपनीत नोकरी करते. गेल्या वर्षी तिनं स्वतःच्या पगारातून गेम खेळायचा कन्सोल आणला. पांढरा, उभा खोका, वरच्या बाजूला जाळी आणि आत पंखा. टीव्हीशेजारी तो ठेवला आणि त्याच क्षणी तिनं मला बजावलं, "बाबा, याला हात लावायचा नाही."

आता मी सगळी हयात कारखान्यात लेथ मशीनवर काढलेला माणूस. मशीनला हात लावू नका, असं मला साहेबसुद्धा कधी म्हणाले नव्हते. पण मी हात लावला नाही. भीती, दुसरं काय.

मग तिच्या ऑफिसनं दसऱ्याला फुटबॉल गेमची जोडीची मॅच ठरवली. एक खेळाडू ऑफिसातला, दुसरा घरातला, आणि प्रत्येकानं आपापल्या घरून खेळायचं. गौरीनं आधी आईला विचारलं.

"मला नको बाई ती बटणं," नंदा म्हणाली. "यांना घे. रिकामेच असतात."

अशा सन्मानानं माझी निवड झाली. रोज संध्याकाळी अर्धा तास सराव. मला बचावाला ठेवलं होतं, म्हणजे समोरच्याचा बॉल अडवायचा. बॉल माझ्याकडे यायला लागला की माझे दोन्ही अंगठे गारठायचे आणि पडद्यावरचा माझा खेळाडू बसची वाट बघत असल्यासारखा उभा राहायचा.

"बाबा, पळा!"

"कुठे?"

"बॉलकडे. बाबा, तो आपल्याच टीमचा आहे, त्याला का पाडताय?"

पण खरं सांगू? मला तो अर्धा तास फार आवडायला लागला होता. त्याआधी कित्येक वर्षं आमचं बोलणं म्हणजे मी विचारणार "जेवलीस का" आणि ती म्हणणार "हो". आता ती सलग अर्धा तास माझ्याशी बोलत होती. सगळं रागावणंच होतं, पण माझ्याशी होतं. म्हणून मला धडकी भरायची ती वेगळ्याच गोष्टीची. मी मॅचमध्ये माती खाल्ली, तर ही दुसरा पार्टनर शोधील आणि आम्ही परत "जेवलीस का"वर येऊ.

या धास्तीत दसरा उजाडला. मॅच दुपारी चारला. गौरी सकाळीच शनिवार पेठेत माझ्या बहिणीकडे गेली होती. मी आंघोळ करून पूजेला लागलो. स्कूटरला हार घातला, मिक्सरला कुंकू लावलं, नंदाच्या शिलाई मशीनवर फूल ठेवलं. आणि मग माझी नजर त्या खोक्यावर गेली. वर्षाचा सण, सगळ्या यंत्रांची पूजा, आणि ज्याच्यावर आज माझी सारी अब्रू टांगलेली, तोच कोरडा? हात लावू नका म्हणाली होती, पण पूजा म्हणजे काही हात लावणं नव्हे. (हा युक्तिवाद मी स्वतःशीच केला आणि स्वतःच मान्य केला.)

जाळीवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वर ठेवलं. हात जोडून म्हटलं, बाबा रे, आज एकदा तरी बॉल अडवू दे. आणि जितकी भीती वाटत होती तितक्या अक्षता वाहिल्या, म्हणजे मूठभर. लेथवर मूठभर तांदूळ टाकले तर ते ट्रेमध्ये पडतात आणि झाडूवाला नेतो. या खोक्यावर टाकले ते जाळीतून आत गेले.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण पूजा झाली की मशीन एकदा चालू करून बघायचं, ही आमच्या कारखान्याची रीत. मी बटण दाबलं.

खर्रर्र! आमच्या जुन्या मिक्सरमध्ये चकलीची भाजणी दळताना येतो तसला आवाज आला, मग कट्ट झालं आणि खोका गप्प बसला.

नंदा श्रीखंडाचा डाव हातात घेऊन बाहेर आली. "कसला आवाज?"

"पूजा केली."

"कशाची?" मग तिनं खोक्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "अहो! किती वाहिल्यात?"

"मूठभर."

"लग्न लावत होतात का त्याचं?"

आम्ही दोघांनी मिळून खोका उलटा केला आणि हलवला. तीन दाणे पडले. पुन्हा हलवला. आत सगळे खुळखुळत होते, बाहेर येईना कोणी. नंदाचा धीर सुटला. "मी सांगणार नाही हं तिला. तुम्ही सांगायचं."

"मी सांगितलं तर ती काय करेल?"

"काही करणार नाही. फक्त बघेल तुमच्याकडे." या कल्पनेनं मला खुर्चीत बसावं लागलं.

मग मला खालच्या मजल्यावरचे शेखसाहेब आठवले. त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे आणि शिलाई मशीनमधली धूळ उडवायचा एक ब्लोअर ते घरी ठेवतात. मी धावतच गेलो. ते भाचीच्या लग्नाला निघाले होते. पांढराशुभ्र कुर्ता, अत्तर, हातात भेटीचा डबा.

"पाच मिनिटं, शेखसाहेब. गौरी यायच्या आत."

गौरीचं नाव ऐकून ते तत्काळ ब्लोअर घेऊन वर आले. (मागे एकदा तिच्या पार्किंगच्या जागेत त्यांनी गाडी लावली होती.) खोका टेबलावर ठेवला, वरच्या जाळीला नळी लावली आणि ते मागच्या फटींशी वाकून बघू लागले. "बटन दाबा," म्हणाले. मी ब्लोअरचं बटण दाबलं. भस्सकन आतली सगळी हळद, सगळं कुंकू आणि वर्षभराची धूळ एकदम बाहेर आली, ती थेट त्यांच्या कुर्त्यावर. पाठोपाठ तांदूळही सडासड आले.

शेखसाहेबांनी शांतपणे खाली पाहिलं. "लग्न भाचीचं," ते म्हणाले, "आणि हळद मला."

नंदानं ओला फडका आणला, तसा तो डाग जास्तच पसरला. ते बिचारे कुर्ता बदलायला गेले. आम्ही खोका पुसून जागेवर ठेवला, देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. दिवासुद्धा लागला नाही. आणि तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

गौरी आली, चप्पल काढली आणि सरळ टीव्हीकडे गेली. तिनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. वायर काढून लावली. मी पेपर तोंडासमोर धरला होता.

"याला काय झालं?"

"सकाळपासून तसाच आहे," नंदा स्वयंपाकघरातून म्हणाली आणि तिथेच राहिली.

"गरम झाला असेल," मी म्हणालो.

"बंद असताना?"

मी पेपर आणखी वर धरला. आता ही म्हणेल, राहू दे, मी खेळते दुसऱ्या कुणाबरोबर तरी. तिनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "अनुजाकडे जाऊन खेळू. चला."

"मी?"

"पार्टनर तुम्हीच आहात ना?"

खाली येऊन स्कूटर काढली. तिनं हाराकडे पाहिलं. "स्कूटरची पूजा केलीत वाटतं."

"हो."

"आणखी कशाकशाची केलीत?"

"मिक्सरची," मी म्हणालो, आणि खराडी येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

अनुजा ही गौरीच्या ऑफिसातली, तिथेच राहणारी मैत्रीण. तिची मॅच आधीच होऊन गेली होती, त्यामुळे तिचा कन्सोल मोकळा होता. अनुजाच्या आईनं आम्हाला सोफ्यावर बसवलं आणि मॅच सुरू झाली. मॅचचं वर्णन करण्यासारखं काही नाही. समोरच्यांनी सात गोल केले. प्रत्येक वेळी बॉल माझ्या खेळाडूच्या बाजूनं गेला आणि माझ्या खेळाडूनं त्याला वाट दिली. गौरी पहिल्या तीन गोलांना ओरडली, मग तिनं ओरडणंही सोडलं.

मॅच संपली. अनुजाच्या आई हळहळत उठल्या. "माझंच चुकलं. गडबडीत याची पूजाच राहिली सकाळी. म्हणून हरलात तुम्ही." असं म्हणून त्या आत गेल्या आणि तबक घेऊन आल्या. तबकात हळद, कुंकू, फूल. त्यांनी मूठ भरून अक्षता घेतल्या आणि हात त्या खोक्याच्या जाळीवर नेला.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी सोफ्यावरून उडालो, मधलं टीपॉय ओलांडलं आणि दोन्ही हात पसरून खोक्यावर आडवा पडलो. तबक उडालं. अक्षता माझ्या पाठीवर पडल्या. जाळीत एक दाणा गेला नाही.

मी तसाच पडून होतो, कारण उठल्यावर गौरीचं तोंड बघावं लागणार होतं.

"बाबा," ती म्हणाली. "आपल्या घरी किती वाहिल्यात?"

"मूठभर."

ती बघत राहिली. नंदा म्हणाली होती तशीच. मी डोळे मिटून घेतले.

"सात गोल झाले," ती म्हणाली. "एकदाही जागचे हलला नाहीत. ही उडी कुठे ठेवली होतीत?"

अनुजा आधी हसली, मग तिची आई. गौरी हसली नाही. परतताना विश्रांतवाडीच्या चौकात सिग्नल लागला, तेव्हा पुढे बघतच म्हणाली, "उद्या कन्सोल दुरुस्तीला टाकते."

मी भीत भीत विचारलं, "आणि पार्टनर?"

"तो दुरुस्त होण्यासारखा नाहीये," ती म्हणाली. "आहे तसाच वापरायचा."