ठोकळ्यांवरची अॅम्बेसेडर

बातमी आली तेव्हा मी वर्ध्याहून देवळीला येणाऱ्या बसमध्ये होतो आणि मांडीवरच्या पिशवीत मनोहरच्या अॅम्बेसेडरचे सांध्यांत बसवायचे नवे रबरी बुश होते. फोनवर त्याचा जावई होता. म्हणाला, काका, बाबा गेले... बुश नीट दाबून पाहून आण, मागच्यासारखे वाळलेले आणू नको, असं मनोहरनं सकाळीच खाटेवरून बजावलं होतं.

मनोहरचं हार्डवेअरचं दुकान, शेजारी माझं कापडाचं. त्याला गिऱ्हाइकापेक्षा गाडीचा लळा जास्त. केळझरला गणपतीच्या दर्शनाला जाताना गाडी खड्ड्यात आपटली, की घरी परतेपर्यंत हा गप्प. शेवटी गाडी समोरून पार बसली, तेव्हा अंगात आजार असतानाच त्यानं समोरचं सस्पेंशन खोलायला काढलं. मी म्हटलं, आधी तू बरा हो. तर म्हणे, "बरा झाल्यावर बसाले गाडी नाई पाह्यजे का?" चाकं काढून गाडी लाकडी ठोकळ्यांवर घेतली. गाडीचं वजन पेलणाऱ्या दोन लांब पोलादी दांड्या सोडवण्याआधी त्यानं मला त्यांवर खडूनं खुणा करायला लावल्या. डावी ती डावीच, उजवी ती उजवीच. जिनं वर्षानुवर्षं एका अंगानं पीळ सोसला, तिची बाजू बदलली तर ती मोडते. पुढं त्याला पाना उचलवेना. मग तो खाटेवरून सांगायचा आणि मी गाडीखाली शिरायचो. गुडघे माझे, जीभ त्याची.

तेरवी झाली, तरी गाडी ठोकळ्यांवरच. जावई भला माणूस, पण नागपूरला राहतो. भंगारवाल्याला बोलावू म्हणाला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "पहिले तिले चाकावर उभी करा, मंग कुठी न्याची तं न्या." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. खरं सांगतो, मला नको होतं. मी थकलो होतो... मित्र जातो आणि त्याची अर्धी राहिलेली कामं आपल्या गळ्यात पडतात. तरी रोज दुकान उघडण्याआधी जाऊ लागलो. दांड्या, चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिन, बुश, एकेक चढवत गेलो. कुठं अडलं की सवयीनं खाटेकडं पाहायचो आणि मग त्याच्यावरच चिडायचो.

परवा गाडी चाकांवर आली. बुशांचे नट तेवढे शेवटचे कसायचे राहिले. रिकाम्या गाडीचे नट मनोहर कधी कसू देत नसे. ज्या वजनाखाली कसाल, त्याच वजनाची रबराला सवय लागते, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो स्वतः स्टिअरिंगवर बसायचा, शेजारी वहिनींना बसवायचा आणि पाना माझ्या हाती द्यायचा.

वहिनी आपल्या जागी येऊन बसल्या. शेजारची सीट रिकामी. मी अर्धं पोतं ज्वारी आणून तिथं ठेवलं. त्यांनी पोत्यावर हात ठेवला, जरा दाबून पाहिलं.

"एवढंसं नोका धरू, भाऊजी. हे तं दवाखान्यातलं वजन झालं. पहिलेचं धरा."

मी आत गेलो आणि पोतं तोंडापर्यंत भरून आणलं. कसंबसं सीटवर चढवलं. गाडी उजव्या अंगाला किंचित बसली, त्याच्यासोबत बसायची तशी. वहिनी काचेतून समोर पाहत राहिल्या. मी खाली शिरलो आणि नट कसले.