देवऋष्याने दिलेली खबर

ती घटना आठवायला मला आजही कागद काढावे लागत नाहीत. तेव्हा मी शिरूर कासारकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या की हद्दीतली गावं अर्धी रिकामी व्हायची आणि आमच्याकडची वर्दळही कमी व्हायची. अशाच एका दुपारी ठाणे अंमलदार म्हणाला, "साहेब, एक म्हातारा सकाळपासून बाकावर बसलाय. काम सांगत नाही."

मी त्याला आत बोलावलं. मेंढरं राखणारा माणूस. पण भूतबाधा उतरवणारा देवऋषी म्हणून आसपास त्याचं नाव होतं. पाणी प्यायला आणि म्हणाला, "साहेब, एक बाई मरंल. तिला बघा."

जवळच्याच गावातली, दोन महिन्यांची बाळंतीण. झोपत नव्हती, जेवत नव्हती. मांडीवर लेकरू असताना 'माझं बाळ विहिरीत रडतंय' म्हणून धावायची. घरच्यांनी हडळ लागली म्हणून तिला याच्याकडे आणलं. याने अंगारा लावला, चाबकाने मारलं.

"तिसऱ्या खेपंला माझ्या हाताला कळलं, साहेब. तिच्या अंगात कायबी न्हाई. ती आजारी हाय. म्या सांगितलं, डाक्टरकडं न्या. तर मलाच म्हणले, तुझा देव कमी पडला. आठ दिस झाले, ती कुणाला दिसली न्हाई."

"मग इतके दिवस का थांबलास?"

"म्या मारलंय न्हवं तिला. भ्यालो."

स्टेशन डायरीला नोंद घेतली. त्या बाईचं माहेर लिंबागणेशकडचं. तिच्या बापाला फोन लावला, तर त्याला काहीच माहीत नव्हतं. दोन महिला शिपाई आणि जमादाराला घेऊन निघालो. जीपमध्ये बसताना जमादाराने हळूच खिशात लिंबू टाकलेलं मी पाहिलं. वीस वर्षं नोकरी झालेला, धडधाकट माणूस. 

घर चांगलं खातंपितं होतं. सासरा गावात वजन असलेला. "सून माहेरी गेली," तो म्हणाला. आत सासू पावडरचं दूध घेऊन लेकराला चमच्याने पाजत होती. अंगावर पिणारं लेकरू टाकून कोणती बाई माहेरी जाते? मी सासरा आणि नवरा, दोघा बापलेकांना ठाण्यात आणलं आणि वेगवेगळं बसवलं. तोवर एका पुढाऱ्याचे दोन फोन येऊन गेले.

सासरा कसलेला होता. नवऱ्याला मात्र मी दमदाटी केली नाही. गुन्हा लपवणाऱ्याला ओरडून विचारलं की तो आवळत जातो, हा माझा अनुभव. लग्न कसं जमलं, बायको स्वभावाने कशी, असंच विचारत राहिलो.

"लई चांगली होती, साहेब."

"होती, का हाय?"

 तो टेबलावर डोकं टेकून रडायला लागला. "हाय, साहेब. शेतात हाय. मोटारीच्या खोलीत. आमी मारायला न्हाई ठिवली. लेकराला काय करील म्हणून भ्यालतो."

म्हाताऱ्याला सोडून ते दुसऱ्या एका भगताकडे, मांत्रिकाकडे गेले होते. त्याने सांगितलं होतं, अमावस्येपर्यंत तिला कोंडून ठेवा आणि अन्न देऊ नका. हडळ उपाशी पडली की निघून जाते.

खोलीचं कुलूप उघडलं तेव्हा उन्हं कलली होती. पायाला बैलाची साखळी, घोट्याला जखम. ओठ फुटलेले. महिला शिपाई जवळ बसली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाई, तेवढं लेकरू काढा की विहिरीतनं."

रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाळंतपणानंतर काही बायांना असा आजार होतो, औषधाने बरा होतो. आणखी दोन दिवस गेले असते तर मात्र उपयोग नव्हता. दोन महिन्यांत ती सावरली.

गुन्हा दाखल झाला. डांबून ठेवणं, जादूटोणाविरोधी कायदा. आरोपींत नवरा, सासरा, दुसरा भगत आणि पहिला देवऋषीही. त्याने मारलं होतं आणि तसं स्वतः सांगितलं होतं. अटक करताना तो म्हणाला, "खबर म्याच दिलती की, साहेब."  खबर त्याची होती हे मी दोषारोपपत्रात लिहिलं. त्याहून जास्त मला करता आलं नाही.

कोर्टात बाई फितूर झाली, तिचा बापही. लेकराला घेऊन तिला त्याच घरात राहायचं होतं. नवरा, सासरा, भगत सुटले. म्हाताऱ्याने वकील दिला नव्हता. "मारलं म्या," म्हणाला. शिक्षा त्याला एकट्याला झाली.

निकालाच्या दिवशी ती कोर्टाच्या आवारात भेटली. अंगाने भरली होती. मी तब्येत विचारली.

"बरी हाय, साहेब. घरात म्हणत्यात, भगतानं कोंडून ठिवलं म्हणून हडळ निघाली."

"आणि तू काय म्हणतेस?"

"म्या कशाला काय म्हणू? गोळ्या खाती."

एवढी वर्षं मला वाटायचं, खरं काय ते शोधून पुढे ठेवलं की लोक ते मानतात. तसं होत नाही. त्या घरात कुणाचंच मत बदललं नाही. पण त्यानंतर 'घरातल्या बाईच्या अंगात आलंय' म्हणून कुणीही ठाण्यात आलं, की मी देवाधर्माचा वाद घालत बसलो नाही. ती शेवटची कधी जेवली, कधी झोपली, एवढंच विचारायचो आणि जीप काढायला सांगायचो.