सरांना हवं असलेलं रक्त

हात पुढे करायला सांगताना सर कधी तोंडाकडे बघत नसत. दंडाला रबर बांधायचे, कोपराच्या खळगीत दोन बोटांनी टकटक करायचे आणि म्हणायचे, "नस छान आहे." माझ्या बहिणीचं कौतुक त्यांनी केलं ते एवढंच.

बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडू लागतात. कधी पाय जड होतो, कधी डोळ्यापुढे धूर येतो. सासरच्यांनी पहिले झटके पाहिले आणि तिला आमच्याकडे वरवट बकालला आणून सोडलं. पुण्याचे हे शास्त्रज्ञ याच पेशींवर संशोधन करत. आजारी माणसाचं रक्त आणि त्याच्या निरोगी भावंडाचं रक्त त्यांना ताडून बघायचं असे. निरोगी भावंड मी. त्यांच्या भाषेत 'कंट्रोल'. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. दारातूनच विचारायचे, "कंट्रोल आहेत का घरी?"

एकाच आईच्या पोटचे आम्ही. तिच्या पेशी तिला खातात, माझ्या मला राखतात. यात माझा गुन्हा नाही, हे मला कळतं. तरी माझी नळी त्यांनी तिच्या नळीशेजारी खोचली की मला मान वर करवत नसे.

खरं म्हणजे ते मूळचे आमच्याच भागातल्या रोहिणखेडचे. पण आम्ही 'का'ला 'काऊन' म्हटलं की कपाळाला आठ्या घालत. असे पुण्याहून परतलेले लोक तुम्हीही पाहिले असतील. मे महिन्यात एकदा नमुन्यांच्या थंड पेटीचं झाकण माझ्या हातून उघडं राहिलं. तेव्हा मात्र अस्सल बोली बाहेर पडली. "काऊन उघडं ठेवलं बे? सगळं उकडून जाईन ना!" बहीण हसत सुटली. त्यांनी रुमालानं ओठ पुसले आणि पुन्हा पुणेकर झाले.

खामगावला एका कॉलेजात त्यांचं भाषण होतं. शाल, नारळ, सगळं. आम्हालाही बोलावलं होतं. पडद्यावर मेंदूचं चित्र आलं, पांढरे डाग पडलेलं. "किती सुंदर डाग आहेत बघा," ते म्हणाले आणि श्रोते माना डोलवू लागले. मला उठून जावंसं वाटलं. बहीण माझ्या कानाशी लागली, "दादा, माहा मेंदू हाय तो." तिच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता.

मग एका सकाळी तिला डाव्या डोळ्यानं दिसेना. अकोल्याच्या डॉक्टरांनी सलाइनमधून स्टिरॉइड सुरू करायचं ठरवलं. बहिणीनं हट्ट धरला म्हणून मी सरांना फोन केला.

"थांबवा," ते म्हणाले. "औषधाआधीचं रक्त मला हवंच आहे. मी निघालो."

डोळ्याचं काही विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, एका दिवसानं फारसा फरक पडणार नाही, तुम्ही ठरवा. मी नको म्हणत होतो.

"थांबू ना, दादा. सर येऊन राह्यले एवढ्या दुरून."

"त्याले तुह्या डोळ्याचं काही पडलं नाही."

"माह्या आजाराचं तं पडलं हाय त्यायले. बाकी कोणाले हाय?"

नातेवाईक येत, "बरी आहेस ना?" म्हणत आणि ती तोंड उघडण्याआधी चहाचा कप उचलत. हा माणूस मात्र तिला खोदून खोदून विचारी. मुंग्या कुठून सुरू झाल्या, उन्हात गेल्यावर वाढल्या का. अर्थात त्याच्या कामापुरतंच.

ते आले, रक्त घेतलं, चहा न घेता गेले. डोळा परत आला, पण पुरता नाही. लाल रंग तिला विटलेला दिसतो. डॉक्टर सांगतात, हे त्या एका दिवसामुळे नाही. मी ऐकून घेतो.

गेल्या दिवाळीपासून त्यांचं येणं बंद झालं. बहीण सारखी विचारू लागली म्हणून मी फोन लावला. "प्रोजेक्ट संपला," ते म्हणाले. "आता नमुने नको आहेत." मी डोळ्याविषयी बोलू लागलो, तर "बरं, बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बहीण भिंत धरून दारात उभी होती. "काय म्हणले सर?"

"तुही चौकशी केली."

"डोळ्याचं सांगितलं?"

"सांगितलं."

"मंग?"

मला या माणसाची मनापासून किळस येते. तरी त्याच्याच संथ, पुणेरी आवाजात मी तिला सांगू लागलो: रंग हळूहळू परततील, उन्हात जाऊ नका, तुमच्या रक्तातून आम्हाला पुष्कळ काही कळलं. ती खाटेवर टेकली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "अजून काय म्हणले?"