महामार्गावर सोडलेले दगड

नोकरीत खुनाचे तपास केले, दरोडे उघडकीस आणले. पण मनातून जात नाही तो नव्वदच्या दशकातला पिंपळगाव बसवंतजवळचा एक साधा अपघात. एक फुलशेतकरी नाशिकच्या बाजारात झेंडू विकून मोटरसायकलवरून घरी परतत होता. तो बेशुद्ध अवस्थेत सरकारी रुग्णालयात दाखल झाला. कुणा टेम्पोवाल्याने त्याला तिथे आणून सोडलं आणि तो पसार झाला. मांडीचं हाड मोडलं होतं, पण डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला. गावात त्याच हेल्मेटवरून त्याची फार थट्टा व्हायची म्हणे.

टेम्पोवाला धडक देऊन पळाला असणार, असं धरून आम्ही अज्ञात चालकावर गुन्हा नोंदवला. दुसऱ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, द्राक्षाच्या शेडवर एक जण टेम्पोचा हौदा घासून घासून धुतोय. पाणी लाल येतंय." हवालदारांना घेऊन गेलो आणि त्याला उचलून ठाण्यात आणलं.

घाबरलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं, ही माझी सवय. यालाही दिलं. पण माझा पारा चढला होता.

"माणूस ठोकून पळतोस? लाज नाही वाटत?"

"मी ठोकलं नाय साहेब. दवाखान्यात सोडलं अन् पळालो. लोकं लय मारत्यात."

खोटं बोलणारा सहसा इतकं थोडक्यात आटपत नाही. टेम्पो तपासला. कुठे पोचा नाही, ओरखडा नाही. मोटरसायकलचं मागचं चाक शाबूत होतं, पुढची रिम तेवढी वाकलेली. म्हणजे मागून धडक बसलीच नव्हती. जखमीला तर काहीच आठवत नव्हतं.

"जबाब दे आणि जा घरी," मी म्हणालो. "उलट चांगलंच काम केलंस."

तो जागचा हलेना.

"आता काय रे?"

"साहेब, त्याला मीच पाडलं."

त्या दुपारी त्याचा टेम्पो अपघाताच्या जागीच पंक्चर झाला होता. मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून आपल्याकडे गाडीमागे दगड मांडतात, तसे यानेही मांडले. चाक बदललं आणि घाईघाईत दगड रस्त्यातच सोडून निघाला. पिंपळगावला क्रेट उतरवताना ते आठवले. माल अर्धवट टाकून तो दगड उचलायला परत गेला, तर दगडाशेजारी माणूस पडलेला. दगड बाजूला सारून त्याने त्याला हौद्यात घातलं आणि दवाखाना गाठला.

अरे देवा! साक्षीदार नव्हता, पुरावा नव्हता. गप्प बसला असता तर सुटलाच होता. निष्काळजीपणाचा गुन्हा लावावाच लागला, पण त्या माणसाचं मला मनापासून कौतुक वाटलं.

जामिनावर सुटल्यावर तो हजेरीला आला होता, तेव्हाच जखमीची बायको ठाण्यात शिरली.

"कुठं हे तो?"

मी बोट दाखवलं. "दगड सोडून गेलास, त्याच्या शिव्या घे," म्हणत तिने त्याला खरोखरच सडकून शिव्या दिल्या. हवालदार मध्ये पडायला निघाले, मी त्यांना थांबवलं. मग तिने पदराने तोंड पुसलं.

"परत आलास म्हणून माझा मालक जित्ता हे. चल, तुला बघायचंय म्हणतो."

चूक करून पळणारे मी ढिगाने पकडले. चूक आठवताच गाडी मागे वळवणारा हा एकच भेटला. रस्त्यावर सगळ्यांचाच जीव एकमेकांच्या हातात असतो, हे मला त्याने शिकवलं.

दोघांना मीच रुग्णालयात घेऊन गेलो. आमच्या जीपमध्ये आरोपी मागे बसतो. त्याला मी पुढे, माझ्या शेजारी बसवलं.