स्टब आणि चुन्याची डबी

टेम्पोचं पुढचं डावं चाक निखळून माझ्याच पुढे पळत गेलेलं मी पाहिलं. मानकोलीच्या अलीकडे, भर दुपारी. मुंबईला कापडाचे तागे उतरवून आम्ही रिकामे परतत होतो. चाक सरळ गेलं, शेतात उतरलं आणि बांधाला टेकून उभं राहिलं, कुणी नीट आणून ठेवल्यासारखं. टेम्पो मात्र डाव्या अंगानं खाली बसला, घासत गेला आणि रस्त्याच्या कडेला आडवा झाला.

चाक ज्या पोलादी खुंटावर फिरतं त्याला आम्ही स्टब म्हणतो. तो मुळाशीच तुटला होता. टेम्पो नवा होता, आठ महिन्यांचा. अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद साल असेल.

मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. माझ्या डाव्या बाजूला माझा हमाल बसला होता. हमाल म्हणायचं म्हणून, दहा वर्षांचा जोडीदार होता तो. शेलारच्या पलीकडे डोंगराकडेला पाडा आहे, तिथला. त्याचा डावा पाय दाराच्या पत्र्यात अडकला. पाय वाचला, पण पाऊल वाकडं झालं. पाठीवर कापडाची गाठ घेऊन जिना चढायचं त्याचं काम त्या दिवशी सुटलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तेव्हा मी ती कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. चाक गेलं तेव्हा माझा डावा हात स्टेअरिंगवर नव्हता. हमालानं डबीतला चुना लावून तंबाखू मळली होती आणि चिमूट घ्यायला मी हात पुढे केला होता. समोर खड्डा होता की नव्हता, मला सांगता येत नाही. स्टब तुटला म्हणून गाडी बसली, की मी गाडी खड्ड्यात घातली म्हणून स्टब तुटला, हे मला कळायला मार्ग नव्हता.

इस्पितळात पोलीस आला. त्यानं हमालाला विचारलं, "ड्रायव्हर काय करत होता?"

"दोनी हात चाकावं व्हते, सायब," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.

पोलिसानं लिहून घेतलं आणि गेला. मी पण काही बोललो नाही.

मी टेम्पोच्या कंपनीला पत्र लिहिलं. मी चौथी शिकलेला, पण अक्षर चांगलं आहे. आठ महिन्यांत चाक निघून पडतं ही कसली गाडी, असं विचारलं. उत्तर इंग्रजीत आलं. आमच्या कामतघरच्या चाळीत नगरपालिकेत कारकून असलेला एक शेजारी होता, त्यानं ते वाचून दाखवलं. गाडीत दोष नाही, नेहमी क्षमतेपेक्षा जास्त माल भरणं आणि चालकाचा निष्काळजीपणा यामुळे अपघात झाला, असं त्यात होतं. तुटलेला भाग आमच्या विक्रेत्याकडे जमा केल्यास नवीन भाग सदिच्छा म्हणून देऊ, असंही होतं.

"घेऊन टाका की," शेजारी म्हणाला. "फुकट देतायत."

"आणि निष्काळजीपणा? तो पण फुकट घेऊ?"

"अहो, कागदावर लिहितात तसं. कोण वाचतंय?"

"तुम्ही आत्ता वाचलंत ना."

ते पत्र मी परत पाठवलं. सोबत लिहिलं, तुमचा कारखाना महाराष्ट्रात आहे, मला मराठीत लिहा. स्टब मी देणार नाही, तो घेऊन मी स्वतः येतो.

आता माझी चूक सांगतो. स्टबचे दोन्ही तुकडे ग्रीसनं माखलेले, मातीत लोळलेले होते. एवढ्या मोठ्या कारखान्यात साहेब लोकांच्या टेबलावर अशी घाण ठेवायची, हे माझ्या मनाला पटेना. माणूस कसा आहे हे ते त्याच्या वस्तूवरून ठरवणार. मी घासलेट घेतलं आणि ओट्यावर बसून तुकडे धुतले. मग पॉलिश पेपर घेतला. बायको भांडी घासता घासता बघत होती.

"अवो, हाय तसं न्या ना. त्यांना बघायचंय ते तुटलेलं बघायचंय."

"तुला यातलं काय कळतं?"

तिनं पुढचं भांडं घेतलं. तुटलेली दोन्ही तोंडंसुद्धा मी घासली. चांदीसारखी झाली. कोऱ्या कापडात गुंडाळून पिशवीत घातली आणि निघालो.

फाटकावर मला तीन तास बसवलं. मी उठलो नाही. शेवटी एक इंजिनिअर आला, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. मला कॅन्टीनमध्ये नेलं, चहा दिला. कापड सोडलं, तुकडा हातात घेतला आणि बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिला.

"काका, हे कुणी घासलं?"

"मीच."

"का हो?"

"घाण होती."

त्यानं तुकडा खाली ठेवला. आवाज चढवला नाही. त्यानं मला समजावलं ते मी तसंच सांगतो. पोलाद भट्टीत तापवून घडवताना कधी आत घडी राहते, तिथं चीर पडते. तिचं तोंड आतून काळं असतं, भट्टीतलं काळं. रस्त्यावर धक्क्यानं पडलेली चीर काळी नसते. जुनी असली तर गंज दिसतो, ताजी असली तर लोखंड चमकतं. तुटलेलं तोंड बघितलं की चूक कुणाची ते लगेच कळतं.

"आणि तुम्ही ते तोंडच पुसून आणलंत," तो म्हणाला. "आता मी काय बघू?"

मी चहा संपवला. तुकडे पुन्हा कापडात बांधले. उठताना एकच विचारलं, "उजव्या चाकाचा स्टब त्याच भट्टीतला असेल ना?"

"असेल बहुतेक. त्याच लॉटचा."

"त्याला मी हात लावलेला नाही."

"मग लावू नका," तो म्हणाला.

घरी आल्यावर बायकोनं काय झालं विचारलं. सांगावं लागलं. ती हसली नाही, पण बोलली. "जन्मात कधी ताट घासलं न्हाय, आनि घासलं ते लोखंड!" हे वाक्य पुढे किती वर्षं ऐकलं त्याला गणती नाही. कुणी पाहुणा आला की निघायचंच.

टेम्पो चाळीसमोर विटांवर चढवून ठेवला, वर ताडपत्री बांधली. मी दुसऱ्याच्या गाडीवर ड्युटी धरली. उजव्या चाकाजवळ कुणाला जाऊ दिलं नाही. गॅरेजवाला दोनदा येऊन गेला. "उस्ताद, खोल के देख लेते हैं, पाँच मिनट का काम है." मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम मी एकदा करून बसलोय. पोरं गाडीवर चढून खेळायची, त्यांना हाकलायचो. दिवाळीला बायको पाण्याची बादली घेऊन निघाली, तिलाही अडवलं.

पत्रं मात्र थांबवली नाहीत. प्रत्येक पत्रात तेच. माझ्या टेम्पोचं उजवं चाक तुमच्या माणसानं येऊन उघडावं, मी हात लावलेला नाही. निष्काळजीपणा हा शब्द परत घ्यावा. उत्तरं इंग्रजीत यायची, मी परत पाठवायचो. पोस्टमन म्हणायचा, "दादा, एक दिवस तुमचं पत्र कंपनीच मला परत देईल." शेजारी म्हणायचा, हट्ट सोडा. सगळ्यांना वाटायचं, मी कंपनीशी भांडतोय. अर्धं खरं होतं. मला ते तोंड बघायचं होतं, काळं आहे की चकचकीत. चकचकीत निघालं असतं तर त्या पाड्यावर मी कुठल्या तोंडानं गेलो असतो?

तसाही जात होतोच म्हणा. महिन्यातून एकदा तांदूळ-डाळ घेऊन. हमाल अंगणात बसलेला असायचा, काठी शेजारी. इकडचं तिकडचं बोलायचो. त्या दुपारचं तोही काढत नसे, मीही नाही.

वर्ष उलटून गेल्यावर तो इंजिनिअर स्वतः आला. म्हणाला, "तुमच्या पत्रांची आमच्याकडे वेगळी फाईल झालीय, काका. साहेब म्हणाले, जा आणि संपवून ये." त्याच्या येण्याचं आधी कळलं होतं, म्हणून मी हमालाला रिक्षानं आणवलं होतं. त्यानं बघावं असं मला वाटत होतं. काय निघेल ते माहीत नव्हतं, तरी.

इंजिनिअरनं स्वतः चाक काढलं. स्टब फडक्यानं नुसता पुसला. सगळे वाकून बघत होते. काहीच दिसेना. नुसतं गुळगुळीत लोखंड.

"यात तर काही नाही," शेजारी म्हणाला.

मी आणखी खाली वाकून बघितलं.

इंजिनिअर म्हणाला, "थांबा. बारीक असली तर डोळ्याला दिसत नाही. थोडं घासलेट द्या. आणि खडू किंवा चुना आहे का कुणाकडे?"

हमालानं कमरेचं फडकं सोडलं आणि डबी काढली. तीच डबी.

"घ्या सायब. पन जपून. कंपनीला चुना लावला म्हनून माज्यावं केस नको."

सगळे हसले, इंजिनिअरही हसला. त्यानं स्टबच्या मुळाशी घासलेट लावलं, थोडा वेळ जाऊ दिला, कोरडं पुसलं आणि वर बोटानं चुना पसरला, पातळ. मग उन्हात सोडून दिलं. चुना सुकून पांढरा झाला. आम्ही बघत उभे. बायकोही दारात आली होती.

हळूहळू चुन्यात एक ओली रेघ उमटली. केसाएवढी, स्टबच्या अर्ध्या फेरात. चिरेत शिरलेलं घासलेट बाहेर येत होतं.

इंजिनिअर म्हणाला, "चीर आहे. पण काका, खरं बोलतो. जादा मालानंही चीर पडते."

"जादा माल मी भरलेला आहे," मी म्हटलं. "इथं सगळे भरतात. तोडून बघ."

गॅरेजमधून घण आणला. स्टब खोलून शिकंज्यात आवळला. इंजिनिअरनं पहिला घाव घातला, दुसरा घातला. तिसऱ्याला तुटला. त्यानं तुकडा उचलला, बघितला आणि माझ्या हातात दिला. अर्धं तोंड नवं, चमकणारं. अर्धं काळं. तव्याच्या बुडासारखं काळं.

मी तो हमालाच्या हातात दिला. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला नाही, मुरलेलं काळं होतं ते.

दोन महिन्यांनी पत्र आलं, मराठीत. दोन्ही भाग बदलून देऊ आणि सदर अपघातात चालकाचा दोष आढळून येत नाही, असं लिहिलं होतं. कंपनीचा दोष आढळतो असं कुठेही नव्हतं. मी ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि त्याच दिवशी पाड्यावर गेलो. अंगणात बसून त्याला पूर्ण वाचून दाखवलं, तारीख-शिक्क्यासकट.

त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दादा, माज्या पायाचं काय लिवलंय?"

"तुझ्या पायाचं काही लिहिलेलं नाही."

"हां," तो म्हणाला.

मी तेव्हा विचारलंच. "त्या दिवशी पुढे खड्डा होता का रे?"

"मना काय म्हाईत? मी तंबाखू बगत व्हतो."

"मग पोलिसाला दोन्ही हात चाकावर होते म्हणून का सांगितलंस?"

"चाक का गेलं तेच म्हाईत न्हाय, तं तुजं नाव क्याला घेऊ?" आणि तंबाखू मळायला लागला.

मी नवी वही आणली आणि त्याच्या पायाबद्दल कंपनीला लिहायला सुरुवात केली. वही संपली, पण एकाही पत्राचं उत्तर आलं नाही, इंग्रजीतसुद्धा नाही. तो इंजिनिअर दुसरीकडे गेला असं कळलं. ते भांडण मी हरलो.

टेम्पो पुन्हा सुरू झाल्यावर हमाल परत माझ्या डाव्या बाजूला बसू लागला. माल उचलायला दुसरा माणूस ठेवला, हा तागे मोजून घ्यायचा. टेम्पो विकेपर्यंत, पंच्याण्णवच्या सुमारापर्यंत, तसंच चाललं. वाटेत त्याची तंबाखू मळून तयार असायची, पण मी हात पुढे केला तरी तो द्यायचा नाही. मूठ मिटून बाहेर बघत बसायचा. गाडी कडेला घेऊन, हँडब्रेक ओढून दोन्ही हात मोकळे केले की मग चिमूट मिळायची.