हळू बोल, केटुरा

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या मेकन गावात तिला सगळे 'मिस व्हर्डेल' म्हणतात. मी तिची शेजारीण लुएला. तीस वर्षं तिच्या वेण्या माझ्या स्वयंपाकघरात घालतेय, म्हणून मला नुसतं व्हर्डेल म्हणायची मुभा. शाळेत ती मुलांना जेवण वाढायची. नवरा लवकर गेला. मागे एकुलती एक लेक, केटुरा.

वाढदिवसाला इतर आया बाहुल्या देत, व्हर्डेल पत्र द्यायची. सहाव्या वर्षी लिहिलं, दुकानात खिशात हात घालू नकोस, काळ्या पोरीला लगेच चोर ठरवतात. बाराव्या वर्षी, वर्गात गोरी मुलगी हसली तर खोडकर, तू हसलीस तर उद्धट. आणि दर पत्राच्या शेवटी तेच: हळू बोल, केटुरा. मातृदिनाला चर्चमध्ये तिनं एक पत्र वाचून दाखवलं, तेव्हा आम्ही बायकांनी हातातले पंखे ठेवून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला आज लाज वाटते.

केटुराला मुलगी झाली, नायला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केक घेऊन दवाखान्यात गेले, तर केटुराचं पोट दुखत होतं. नर्सनं विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?"

केटुरानं चादर मुठीत आवळली होती. म्हणाली, "चार असेल, मॅडम. तुमची कामं आटपा आधी."

नर्स गेल्यावर मी भडकलेच. "चार? अगं, घामानं उशी भिजलीय तुझी! बोंब मार की!"

"लुएला, तू गप बस," व्हर्डेल म्हणाली. "आपण बोंब मारली की आधी भांडखोर म्हणून लिहितात, दुखणं मग बघतात. माझ्या लेकीला कळतं कसं वागायचं ते." तिनं लेकीच्या कपाळावरून हात फिरवला, तोही कौतुकानं. आणि मी मेली गप बसले.

नर्स आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा चारच. आत रक्त साचत होतं. संध्याकाळच्या आत केटुरा गेली. डॉक्टर म्हणाला, "त्यांनी काही सांगितलंच नाही." मेल्याला डोळे नव्हते? गोऱ्या बाईचा घाम बघून धावला असता!

नायला आता पाच वर्षांची झाली. वाढदिवसाआधी आठवडाभर व्हर्डेल कोरा कागद पुढ्यात घेऊन बसायची.

"काय लिहू गं? ओरड म्हणून लिहिलं तर शाळावाले पोलीस बोलावतील. गप बस म्हणून लिहिलं तर..."

"काहीच लिहू नकोस," मी म्हटलं. तिलाही ते पटलं. या पोरीला असलं काही शिकवायचंच नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं.

परवा तिघी दुकानात गेलो होतो. नायलाचं बोट सामानाच्या गाडीत चेमटलं. पोरीनं अशी किंकाळी फोडली की रांगेतल्या गोऱ्या बायका वळून बघायला लागल्या. व्हर्डेलनं आधी बोट बघितलंच नाही. पोरीच्या तोंडावर हात दाबला. "हळू, बाळा, हळू. लोक बघतायत."

आपण काय केलं ते कळल्यावर तिनं चटका बसल्यासारखा हात काढला. पण पोर गप झाली होती. मी खाली बसून विचारलं, "खूप दुखतंय का गं?"

नायलानं आधी आजीच्या तोंडाकडे बघितलं.

"थोडंसंच," ती म्हणाली. नख उपटून लोंबत होतं.